देव्हाऱ्यातली फ्लॉपी

बाबा कामाला होते ती कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि कल्याणच्या घरातच मराठी टायपिंगची कामं सुरू केली. दसऱ्याला आई त्या डब्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची. "अगं, कीबोर्डात पाकळ्या नको पाडूस," बाबा ओरडायचे.

ते गेल्यावर डबा मीच भंगारात दिला. मला घरात अडगळ खपत नाही, आणि तेव्हा माझ्या तोंडाला कोणी लागतही नसे. आईने फक्त दोन फ्लॉप्या मागून घेतल्या. टायपिंगच्या प्रोग्रामची कपाटात गेली. दुसरीवर बाबांच्या अक्षरात 'घरचं' असं लिहिलेलं होतं. ती देव्हाऱ्यात.

यंदा आई माझ्याकडे कोलशेतला राहायला आली, दोन्ही फ्लॉप्या घेऊन. म्हणाली, "ह्यांनी यात काय लिहिलंय, वाचता येईल का गं?" मी हौसेने लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला. हे सॉफ्टवेअर नव्या मशीनच्या पोटात जुना कॉम्प्युटर चालवतं. बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. प्रोग्रामची फ्लॉपी पहिल्या झटक्यात चालली. बाबा ज्याच्यासमोर तासन्‌तास बसायचे तो निळा पडदा जसाच्या तसा उघडला. आईने घरात कोणी आल्यासारखा पदर सावरला.

मग 'घरचं' लावली. यादीत एकच फाइल होती, इंग्रजी अक्षरांत नाव 'हिला'. बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. ती आयुष्यभर 'ही'च. मी फाइल उघडायला गेले तर ड्राइव्ह नुसता खरखरला. चार-पाचदा करून पाहिलं. शेवटी फ्लॉपी काढली आणि तिची पत्र्याची झडप सरकवली. आतल्या काळ्या चकतीवर हळदकुंकू चिकटून बसलं होतं.

"डबा नव्हता ना," आई म्हणाली, "मग दर दसऱ्याला हिचीच पूजा करायचे. ते सरकवून, आत लावायचे. त्यांचं लिहिलेलं आतच असणार ना?"

तो डबा मी ठेवला असता, तर कुंकू त्याच्या पत्र्यावर लागलं असतं आणि हे अक्षर वाचलं असतं.

"फ्लॉप्या जुन्या झाल्या की बिघडतातच, आई," मी म्हणाले. तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. डोळे भरून आले म्हणून मी लॅपटॉप मिटायला लागले.

तिने माझा हात धरला. "ते निळं राहू दे गं जरा. बंद नको करूस."