पाय बघणाऱ्या बाई

"पाय इकडे द्या. आशीर्वाद नंतर."

वयाने मोठा पेशंट पाय मागे ओढू लागला की बाई असं म्हणत. डॉक्टरीणबाईने आपल्या पायाला हात लावायचा म्हटल्यावर आपल्याकडची माणसं कशी कावरीबावरी होतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. बाई बुटक्या स्टुलावर बसत आणि पाय सरळ मांडीवर घेत.

पंचेचाळिशीच्या असाव्यात. आधी फिजिओथेरपी शिकल्या, काही वर्षं लोकांचे गुडघे आणि कंबरा सांभाळल्या, मग चेन्नईला जाऊन मधुमेहींच्या पायांचं वेगळं शिक्षण घेऊन आल्या. पाटीवर 'पोडियाट्रिस्ट' असं होतं. आमच्या घरात तो शब्द न अडखळता वाचणारा मी एकटाच, आणि तेवढ्यावर मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजत असे.

म्हणूनच दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, अंगठ्याखाली कुरूप झालं तेव्हा औषधाच्या दुकानातून कुरपाची पट्टी आणून मीच चिकटवली. दाजींना जुना मधुमेह. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, दिवसभर उभे. आठवड्याने पट्टी काढली तर खाली बोराएवढा खड्डा. एका दवाखान्यात अंगठा काढायला सांगितला. अंगठा गेला की मागावरचं उभं राहणं गेलं.

बाईंनी दाजींना डोळे मिटायला लावले. हातात नायलॉनचा ताठ धागा घेतला आणि लागला की सांगा म्हणाल्या. दाजी वाट बघत राहिले.

"लावा की आता."

बाईंचं दहा ठिकाणी लावून झालं होतं.

जखमेच्या कडेचं, पट्टीतल्या ॲसिडने पांढरं पडलेलं कातडं पाहून त्यांनी विचारलं, कुरपाची पट्टी कुणी लावली? मी भिंतीवरची त्यांची प्रमाणपत्रं वाचू लागलो.

"मीच," दाजी म्हणाले.

पुढे तीन महिने दर आठवड्याला ड्रेसिंग, अंगठ्यावर भार न येणारी चप्पल आणि मागाला सुट्टी. कामावर कधी जाऊ, असं दाजी दर खेपेला विचारत. बाई पायाकडे बघून नुसती मान हलवत. शेवटी जखम भरली. अंगठा राहिला.

त्या दिवशी बाईंनी कागदावर लिहून दिलं : रोज सकाळी दोन्ही तळवे नीट बघणे. त्यापुढे कंसात : मेहुण्याने. मी चमकून वर पाहिलं. त्या पाठमोऱ्या हात धूत होत्या.

गेल्या वर्षी बाई पुण्याला गेल्या. नव्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि हे मेहुणे कोण, म्हणून विचारलं.

"ह्यो की," दाजींनी माझ्याकडे मान वळवली. "एक दिस चुकवत न्हाय. लई कटकट हाय."