तुळशीदासांचं चौथं व्याख्यान

आगाशीच्या तुळशीदास राऊतांना गावात सगळे 'मद्रासी मास्तर' म्हणत. ते मास्तर नव्हते आणि मद्रासीही नव्हते. बँकेच्या नोकरीत त्यांची अकरा वर्षं मदुराईत गेली. तिथली घरमालकीण सकाळी अंगणात सडा टाकताना सिद्धांची, म्हणजे तमिळ योगी-कवींची, जुनी पदं गुणगुणायची. अर्थ कळावा म्हणून ते तमिळ शिकले आणि त्या पदांच्या नादालाच लागले. निवृत्तीनंतर वाडीतल्या केळींना पाणी दिलं, की एका हाताशी ती पदं आणि दुसऱ्या हाताशी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची पुस्तकं घेऊन बसायचे.

गेल्या वर्षी गावच्या वाचनालयात त्यांची सहा व्याख्यानं ठरली. विषय होता अंतिम सत्य. पहिल्या तीन व्याख्यानांत त्यांनी रंगून सांगितलं, "एक जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो, वस्तू मुळात कशी आहे ते माणसाला कधीच कळणार नाही. सिद्ध म्हणतात, जाणणारा कापरासारखा जळून जातो, मग कळायचं कुणाला? दोघे पोचतात एकाच जागी." मुलगी रुचिता मागच्या बाकावर बसून सगळं टिपून घ्यायची. तिला त्याचं पुस्तक करायचं होतं.

चौथ्या व्याख्यानाच्या चार दिवस आधी बोळिंजच्या वळणावर पाण्याच्या टँकरने तिच्या स्कूटरला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सव्वीस वर्षांची होती.

तेरावं झालं त्या दुपारी चंद्रकांता नवऱ्यासमोर येऊन बसली. इतके दिवस ती कुणाशी बोललीच नव्हती.

"एवढं वाचलंत. माझी पोर आता कुठे आहे?"

तुळशीदासांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ती वेगळी अशी नव्हतीच. कापूर जळतो, ज्योतही जाते, मागे..."

"कापूर आपण लावतो, देवापुढे," ती म्हणाली. "हिला कुणी लावलं?"

ती उठून आत गेली.

दोन महिन्यांनी वाचनालयाचे आत्माराम राहिलेल्या व्याख्यानांचं चाचरत विचारायला आले. येणार नाही म्हणून सांगायला तुळशीदासांनी तोंड उघडलं आणि "येतो" म्हणाले.

त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. टिपणं न काढता ते उभे राहिले.

"तीन वेळा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "हे दोघे एका जागी पोचत नाहीत. तो जर्मन म्हणतो, मला कळत नाही. तिथे बापाला रडता येतं. सिद्धांच्या पदात मुलगी नाही, बापही नाही, मग रडायचं कुणी? ते खरं असेलही. चाळीस वर्षं मी ते गोड मानून वाचलं. मला ते जमणार नाही. ते किती निर्दय आहे, हे मला माहीत नव्हतं."

एवढं बोलून ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी चंद्रकांता जागीच होती. "काय सांगितलंत?"

"कळत नाही म्हणालो."

"ते मला न वाचता ठाऊक होतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

उरलेली दोन व्याख्यानं झाली नाहीत. रुचिताची वही त्यांनी अजून उघडलेली नाही. ते वाडीत जातात, केळींना पाणी देतात. पूर्वी काम करताना ओठांवर पदं असायची; आता पंपाचा आवाज तेवढा ऐकू येतो.