साडूभाऊंची नजर

पुण्यात देवाच्या खालोखाल कुणाला सगळं दिसत असेल, तर ते माझ्या साडूंना. देवाचं एक वेळ लक्ष नसेल, त्याच्यामागे व्याप मोठा आहे. पण साडूंचं लक्ष नाही असा क्षण मी तरी पाहिलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बिबवेवाडीत कॅमेऱ्यांचं दुकान चालवतात. पूर्वी त्याच दुकानात ते टीव्ही दुरुस्त करायचे, मग लोकांच्या गच्च्यांवर छत्र्या बसवायला लागले, आणि लोक टीव्ही सोडून मोबाईलमध्ये डोकं घालून बसले तेव्हा यांनी लोकांची घरंच मोबाईलवर दाखवायचा धंदा काढला. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि तेही मला साडूभाऊच म्हणतात. हे नातं दोन्ही बाजूंनी सारखं असतं, त्यात वरचा-खालचा कुणी नसतो, असा माझा बरीच वर्षं समज होता. आमच्या वारज्याच्या घराच्या दारावर त्यांनी कॅमेरा बसवला त्या दिवशी तो दूर झाला.

धंदा मात्र जोरात आहे, हे कबूल करायला हवं. एके काळी कॅमेरा सराफाकडे असायचा, फार तर बँकेत. आता तो वडापावच्या गाडीला लागतो, पाळणाघराला लागतो, मुलं परदेशी गेलेल्या प्रत्येक आईबापाच्या दाराला लागतो. पूर्वीसारखी भिंत फोडून वायर ओढायला नको, कोपऱ्यात घरघर करणारा डबा नको. घरात इंटरनेट असलं की झालं, माणूस सिंगापूरला बसून बिबवेवाडीतला जिना बघतो. एकदा वाघोलीच्या पलीकडून एक शेतकरी दुकानात आले. म्हणाले, "गाय गाभण हाय, आन् मला लग्नाला जायाचंय. मोबाईलवर गोठा दिसंल असं कायतरी करा." साडूंनी स्वतः जाऊन गोठ्यात कॅमेरा बसवला. वासरू झाल्याचं त्या माणसाने लग्नाच्या पंगतीतून पहिल्यांदा साडूंना कळवलं, आणि साडूंनी आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत पेढे वाटले. गाय त्यांचीच असल्यासारखे ते दिवसभर अभिनंदन स्वीकारत होते.

गिऱ्हाइकाशी बोलण्याची त्यांची एक रीत आहे. माणूस दुकानात शिरला की ते आधी त्याला बसवतात, पाणी देतात आणि डॉक्टरच्या आवाजात विचारतात, "संशय कुणावर आहे?" बहुतेक लोक दचकून "छे छे, कुणावरच नाही" म्हणतात. मग साडू गंभीर होतात. "एकावर असता तर एका कॅमेऱ्यात भागलं असतं. कुणावरच नाही म्हणताय, मग चार लागतील." गिऱ्हाईक चार घेऊन जातं आणि जाताना आभारही मानतं. पण पासवर्डच्या बाबतीत ते फार कडक आहेत. कॅमेऱ्याबरोबर कंपनीकडून आलेला पासवर्ड कुणी तसाच ठेवला, तर ते भर दुकानात त्याची शोभा करतात. "वा! कुलूप लावलंत आणि किल्ली त्याच कुलपाला लटकवलीत." नवा पासवर्ड गिऱ्हाइकाने स्वतः टाकायचा, साडूंना सांगायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे.

नातेवाइकांना हा दंडक लागू नाही. नातेवाइकांचे पासवर्ड ते स्वतः टाकतात आणि स्वतःकडेच ठेवतात. "तुम्ही विसराल," हे त्याचं कारण. त्यामुळे आमच्या सगळ्या गोतावळ्याची दारं साडूंच्या मोबाईलमध्ये शेजारी शेजारी नांदतात. प्रत्यक्षात एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घरंसुद्धा तिथे गुण्यागोविंदाने राहतात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की साडू एकेक दार उघडून बघतात. ही चौकशीच असते, चहाडी कधीच नसते, पण त्यांचा फोन येतो. मी दारावर आलेल्या भाजीवाल्यासमोर पिशवी उघडतो न उघडतो तोच खिशात घंटी वाजते. "साडूभाऊ, पालक घेऊ नका. इथून पिवळा दिसतोय."

या नव्या कॅमेऱ्यांना बोलताही येतं, हे कळल्यापासून तर त्यांना चेव चढला आहे. त्यांच्या थोरल्या भावाच्या बंगल्यापुढे जास्वंद आहे आणि सकाळी फिरायला जाणारी मंडळी ती रोज साफ करतात. एका सकाळी साडूंनी बिबवेवाडीतल्या पलंगावर बसल्या बसल्या एका बाईंना रंगेहाथ पकडलं आणि कॅमेऱ्यातून खड्या आवाजात विचारलं, "कोणाला विचारून फुलं तोडताय आपण?" दुसरं कुणी असतं तर पिशवी टाकून पळालं असतं. पण त्याही पुण्याच्याच. त्यांनी वर बघितलं, चष्मा नीट केला आणि शांतपणे सांगितलं, "अहो, तुम्ही आहातच, तर मालकांना दूर्वाही लावायला सांगा. त्यासाठी मला पुढच्या गल्लीत जावं लागतं." एवढं बोलून त्यांनी उरलेल्या कळ्याही पिशवीत टाकल्या. साडूंनी त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

मला या नजरेचा फटका बसला तो चपलांमुळे. साडूंच्या सोसायटीची वार्षिक सभा असते आणि तिला पाहुणा म्हणून येऊन बसायचा ते मला आग्रह करतात, कारण तिथे त्यांचं कॅमेऱ्यांवर भाषण असतं. एका वर्षी मी बाहेरगावी जातोय असं सांगून सुटका करून घेतली आणि घरी निवांत पडलो. थोड्याच वेळात फोन आला. "प्रवास सुखाचा झाला का? तुमच्या चपला मात्र दारातच राहिल्या वाटतं." मी अनवाणी गेलो असं सांगण्याइतका निर्ढावलेला नाही, त्यामुळे सभेला गेलो. दुसऱ्या दिवशी मी चिडून कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. बायको म्हणाली, "अहो, भाऊजींचा जीव आहे हो आपल्यावर." मी म्हटलं, "म्हणूनच टॉवेल टाकला. नसता तर हातोडा मारला असता." एवढ्यात मोबाईल वाजला. साडू म्हणत होते, "टॉवेल वाळला असेल तर काढा."

आम्ही निदान टॉवेल टाकू शकत होतो. त्यांची लेक मनू या नजरेखालीच वाढली. शाळेतून, कॉलेजातून, पुढे ऑफिसातून ती घरी यायची, तेव्हा जिन्यातल्या कॅमेऱ्यात ती दिसली की साडू उठून दार उघडून उभे राहायचे. तिच्या हातात सामान असलं तर अर्धा जिना खाली उतरून जायचे. कुणा मित्राच्या गाडीवरून आली असली तर काही विचारायचे नाहीत, फक्त "पाणी देऊ का त्याला?" म्हणायचे. एकुलती एक मुलगी; माझी मेव्हणी म्हणते, हा माणूस मनूच्या पाळण्याशेजारीही असाच बसायचा, तेव्हा हातात मोबाईल नव्हता एवढंच.

मनूचं लग्न ठरलं, वाघोलीला नवऱ्याचा फ्लॅट. लग्नाच्या आधी आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो आणि साडू मनूच्या नव्या घरात कुठला कॅमेरा कुठे लागेल ते मीठ-लिंबाच्या मदतीने ताटात मांडून दाखवत होते. मनू म्हणाली, "बाबा, माझ्या घरी तुमचा कॅमेरा नको."

"आत नाही गं, दाराबाहेर."

"बाहेरही नको. बाबा, मी आजवर आपल्या घराची बेल कधी वाजवलीच नाही. त्याआधीच दार उघडतं. मला एकदा कुठून तरी असं यायचंय, की मी येतेय हे कुणाला माहीत नाही."

मेव्हणीच्या हातातला डाव तसाच राहिला. मनू तोडून बोलली नव्हती, पण साडूंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी ताटातलं लिंबू उचलून पिळलं आणि "आमटी वाढ," एवढंच म्हणाले. लग्न थाटात झालं. साडूंनी त्या विषयावर पुन्हा अक्षर काढलं नाही, आणि गप्प राहिलेले साडू आम्हा कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

वाघोलीच्या त्या इमारतीत दारापुढे ठेवलेली पार्सलं नाहीशी व्हायला लागली. जावई सरळ स्वभावाचा, त्याला ताटातला प्रसंग माहीत नव्हता. त्याने सासऱ्यांना फोन केला, "बाबा, दारावर एक कॅमेरा हवाय. तुम्ही असताना दुसऱ्याकडून घेणं बरं दिसत नाही." साडू लगेच हो म्हणाले. लगोलग मला मनूचा फोन आला. "काका, तुम्ही बाबांबरोबर याल? मी नको म्हणाले तर ते कायमचे दुखावतील. हो म्हणाले तर मी जन्मभर त्यांच्या मोबाईलमध्ये राहीन. मला दोन्ही नकोय हो." तिचा आवाज रडवेला झाला होता. मी येतो म्हणालो, पण साडूंना मी अडवणार कसा, हे मला कळेना.

रविवारी दुपारी मी स्कूटर चालवली आणि मागे साडू, मांडीवर ड्रिल मशीन आणि खांद्याला घडीची शिडी. सबंध नगर रोडने आमच्यापासून अंतर राखलं. वाघोलीला पोचल्यावर त्यांनी चहाही नको म्हटलं, सरळ शिडी लावली, भोकं पाडली, कॅमेरा बसवला, कोन पुन्हा पुन्हा तपासला. दार, पायपुसणं, पार्सल ठेवायची जागा, एवढंच दिसेल आणि दार उघडलं तरी आतलं काही दिसणार नाही, असा तो कोन होता. मनू उंबऱ्यात उभी होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती बापाच्या खिशाकडे बघत होती. आता पासवर्ड टाकायची वेळ आली होती.

साडूंनी स्वतःचा मोबाईल काढलाच नाही. ते मनूला म्हणाले, "तुझा मोबाईल घे. पासवर्ड टाक. मला सांगू नकोस." आणि त्यांनी जिन्याच्या भिंतीकडे तोंड केलं. मनूची बोटं बराच वेळ मोबाईलवर अडखळत होती. शेवटी म्हणाली, "झालं, बाबा." साडू वळले नाहीत. ती पुढे आली आणि एकदम म्हणाली, "तुमचा मोबाईल द्या. तुम्हालाही जोडते. खरंच जोडते, द्या."

"नको."

"रागावलात?"

"राग कसला त्यात?" साडू भिंतीशीच बोलत होते. "घरबसल्या दिसायला लागलीस, तर एवढ्या ट्रॅफिकमधून वाघोलीपर्यंत मी मरायला येईन कशाला? दिसली नाहीस तर यावंच लागेल."

मनूने मागूनच त्यांच्या पाठीला मिठी मारली. जावई चहाचा ट्रे घेऊन दारात आला आणि काय झालं ते न कळून तसाच उभा राहिला. मी ट्रे त्याच्या हातातून घेतला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

परत येताना संध्याकाळचा ट्रॅफिक होता. एका लांबलचक सिग्नलला आम्ही थांबलो, आणि मागून साडूंचा आवाज आला. त्या आवाजात दुकानातला दरारा नव्हता.

"साडूभाऊ, मनू जरा वाळलीय का हो?"

मला नवल वाटलं. मी म्हटलं, "अहो, दुपारभर तिच्याच दारात होता तुम्ही. तुम्हीच सांगा."

खांद्यावरची शिडी सावरत ते म्हणाले, "समोर होती ना. नीट बघताच आलं नाही."

सिग्नल सुटला. मी म्हटलं, "नाही, वाळलेली नाही. छान दिसत होती," आणि स्कूटर हळूच पुढे घेतली.