एमएच-१०चा धूर

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर ओरडायला लागले की मधेच माझ्याकडे बोट दाखवायचे कष्ट तुम्हाला नकोत. सांगली सोडायच्या आधी सांगलीतच गाडी घ्यायची, हा हट्ट माझा. बँकेने ह्यांची बदली लखनऊला केली होती. हे म्हणत होते, "तिकडे पोचू, मग घेऊ. मोठ्या शहरात नव्या नियमाची गाडी मिळते." मी म्हटलं, तुमच्या नियमाचं मला काय लोणचं घालायचंय? मला पाटीवर एमएच-१० पाहिजे. परमुलखात आम्ही कुठले ते निदान गाडीने तरी सांगावं.

शोरूमवाल्याने सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. "काकू, ही बीएस-थ्री आहे. लखनऊसारख्या शहरात आता बीएस-फोर आलीय. आपल्याकडे अजून थ्री चालते." बीएस म्हणजे भारत स्टेज. गाडीने नळीतून किती घाण बाहेर सोडायची, त्याची सरकारने ठरवलेली इयत्ता. इयत्ता वाढते तशी घाण कमी. हे मला आज कळतं. तेव्हा त्या सगळ्या बोलण्यातला "चालते" एवढा एकच शब्द माझ्या कानात शिरला. पन्नाशीची बाई, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि डोकं हे असं!

निघायच्या दिवशी दारात अख्खी गल्ली जमली होती. मी गाडीच्या मागच्या पाटीला हळदकुंकू लावायला वाकले. नेमकं तेव्हाच माझ्या धाकट्या दिरांनी, बाळभाऊंनी, आत बसून गाडी सुरू केली आणि उत्साहाने रेस दिली. डिझेलचा काळा भपकारा थेट माझ्या तोंडावर! डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी कशीबशी उभी राहिले, तर माझ्याकडे बघून बाकीच्या बायका रडायला लागलेल्या. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "रडू नको गं बाई. लखनऊ म्हणजे काही परदेश नव्हे."

आता सांगायला हरकत नाही. मला रडू-बिडू काही येत नव्हतं. मी खुशीत होते. नवी गाडी, नवं शहर, आणि सासरची मंडळी हजार मैल लांब. पण एवढी माणसं आपल्यासाठी रडताहेत म्हटल्यावर मीही दोन हुंदके दिले. बाळभाऊ धुराकडे बघत म्हणाले, "वहिनी, दम आहे हां गाडीत!" आणि मला ते पटलं. धूर म्हणजे दम. ही माझी तेव्हाची अक्कल.

लखनऊत आम्ही निशातगंजजवळ घर घेतलं. पहिली काही वर्षं मला त्या पाटीने फार सुख दिलं, हे कबूल केलं पाहिजे. सकाळपासून 'भैया, सब्जी ताज़ी है ना' आणि 'अच्छा, हाँ, ठीक है' करून तोंड आंबायचं. मग छावणीतल्या शांत रस्त्यावरून गाडी नेली की एखादा जवान पाटी वाचून हात करायचा. एकाने तर सायकल आडवी घालून विचारलं होतं, "काकू, सांगली का? मी तासगावचा!" त्याला मी रस्त्यातच डब्यातल्या दशम्या खायला घातल्या. पाटी नसती तर तो तासगावचा पोरगा माझ्या शेजारून निघून गेला असता आणि मला पत्ताही लागला नसता. वर्षभरात गाडीची नोंदणी यूपीची करून घ्यायची असते. आम्ही केली नाही. ट्रॅफिकवाल्याने अडवलं की मी खिडकीची काच खाली करून अस्सल सांगलीच्या मराठीत आमच्या घराण्याचा इतिहास सांगायला सुरुवात करायची. तो बिचारा "जाइए माताजी, जाइए" म्हणून हात जोडायचा. मला वाटायचं, काय मी हुशार!

त्याहून मोठी हुशारी पेट्रोल पंपावर चालायची. पंपाच्या कडेला पीयूसीची व्हॅन उभी असते, म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत आहे असा कागद देणारी. तिथे गुड्डू भैया बसतो. रीत अशी की नळी सायलेन्सरमध्ये घालायची, गाडी रेस करायची आणि मशीन काय म्हणतं ते बघायचं. गुड्डू भैयाची रीत वेगळी होती. तो पाटीचा फोटो काढायचा आणि कागद छापायचा. नळी खुंटीवर लटकलेली. त्याचे पैसे तर मी द्यायचेच, वर सांगलीहून आलेल्या भडंगाचं पाकीट. "माताजी का चिवड़ा आ गया," म्हणत तो पाकीट तिथेच फोडायचा. मी त्याला दर वेळी सांगायची की चिवडा वेगळा, भडंग वेगळं. त्यावर आमचा वाद व्हायचा. धुरावर कधीच नाही झाला. माझी गाडी वर्षानुवर्षं भडंगावर पास होत आली.

मग इरा खोकायला लागली.

इरा माझी नात, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. दिवाळी सरली की लखनऊवर राखाडी गोधडी पडते, सूर्य ताटातल्या शिळ्या लाडवासारखा दिसतो, आणि इराच्या छातीतून शिट्टी वाजायला लागते. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. ती तो दप्तरात पेन्सिलीच्या डब्याशेजारी ठेवते. नऊ वर्षांच्या पोरीने श्वास दप्तरातून न्यायचा! मी चिडले. मी शेतांत धसकटं जाळणाऱ्यांवर चिडले, फटाक्यांवर चिडले, कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याशी भांडले. शाळेच्या फाटकासमोर एसीसाठी इंजिनं चालू ठेवून बसलेल्या मोठमोठ्या गाड्यांच्या काचांवर मी टकटक करायची. "बंद कीजिए, बच्चे खड़े हैं!" आणि हे सगळं करून मी परत जाऊन कुठे बसायची? माझ्या एमएच-१०मध्ये. तिचंही इंजिन चालू. मी टकटक करून परत येईपर्यंत ती तिथे धडधडत असायची.

शाळेतल्या बाईंनी मुलांना प्रयोग दिला होता. घरच्या गाडीच्या नळीवर, मोठ्यांच्या मदतीने, पांढरा मोजा चढवायचा, गाडी थोडा वेळ चालवायची आणि मोजा वर्गात आणायचा. इराने ह्यांचा सकाळी फिरायला जायचा पांढऱ्याशुभ्र मोज्यांचा जोड पळवला. आधी एक मोजा समोरच्या माथुरांच्या नव्या गाडीवर चढवला, कारण ती बीएस-सिक्स. आता सगळ्या देशात नव्या गाड्यांना तीच सहावी इयत्ता लागते, पेट्रोल-डिझेलही त्यासाठी सुधारावं लागलं. मोजा निघाला तो जवळजवळ होता तसाच. मग दुसरा मोजा आमच्या गाडीवर.

तो कसा निघाला ते काय सांगू! चुलीवरच्या पातेल्याचं बूड पुसलेलं फडकं तुम्ही पाहिलंय ना, तसा. हे ओरडले, "माझा मोजा!" इरा ओरडली नाही. तिने तो चिमटीत धरला, नाकापासून लांब केला आणि मला विचारलं, "आजी, पीयूसी में तो पास है ना? फिर ये क्या है?"

मी तिला काय सांगणार होते? की ते भडंग आहे?

दुसऱ्या दिवशी मी गुड्डू भैयासमोर गाडी उभी केली. आज पाकीट नव्हतं. म्हटलं, "नली लगाओ." तो हसला. "माताजी, क्यों बेचारी बुढ़िया की बेइज़्ज़ती करवा रही हैं? फेल हो जाएगी." बुढ़िया म्हणजे गाडी, असं मी धरून चालले. म्हटलं, "लगाओ." त्याने नळी घातली. मी रेस दिली, पुन्हा दिली, पुन्हा दिली. आरशात मागचं सगळं काळं झालं. मागे स्कूटरवर एक बाई पोराला पुढे घेऊन उभी होती. तिने आधी पोराचं तोंड ओढणीने झाकलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की रांगेत उभं राहून शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मशीन म्हणालं, नापास. गुड्डू भैया हळूच म्हणाला, "फोटो वाला कर दूँ?"

मी त्याच्यावर तुटून पडले. पोरांच्या जिवावर कागद छापतोस, लाज वाटत नाही? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "चिवड़ा कौन लाता था, माताजी?" पहिल्यांदाच मी त्याला भडंग म्हण म्हणून दुरुस्त केलं नाही.

घरी येऊन मी जाहीर केलं, गाडी भंगारात. तशीही नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली होती. हे बिथरले. "अगं, दुरुस्त करू. फिटनेसचा दाखला काढू. ती गाडी म्हणजे..." आणि पुढे बोलेनात. मला ठाऊक होतं पुढचं. ती गाडी म्हणजे सांगली. रिटायर झाल्यावर परत जाऊ म्हणालो होतो, गेलो नाही. मुलाची नोकरी इथे, इरा इथे. परतीच्या वाटेचं जे काही उरलं होतं ते दारात उभं होतं, चार चाकांवर. हे मलाही कळत होतं हो. मी काय दगड आहे?

मग बाळभाऊंचा फोन आला, आणि माझं खरं डोकं तिथे फिरलं. म्हणाले, "वहिनी, भंगारात कशाला घालताय? इकडे पाठवून द्या. इथे कोण विचारतं? तालुक्याला चालेल आणखी दहा वर्षं."

चालेल! पुन्हा तोच शब्द. सांगलीच्या मंडळींनो, हे सगळं मी तुमच्यासाठीच लिहितेय, म्हणून नीट वाचा. तेव्हा मोठ्या शहराला चौथी इयत्ता आणि तुम्हाला तिसरी. का? तुमची फुप्फुसं काय हलक्या मालाची होती? धूर जिल्ह्याची हद्द बघून सुटतो का? तेव्हा आपण कुणीच हे विचारलं नाही. "आपल्याकडे चालते" यात आपल्याला सवलत दिसली. आणि आता लखनऊच्या पोरीला सोसत नाही म्हणून तीच गाडी परत तुमच्या पोरांच्या नाकाखाली आणून उभी करायची? बाळभाऊंचा नातू तालुक्याच्या शाळेत रस्त्याकडेने चालत जातो. मी फोनवर एवढी ओरडले की ह्यांनी खिडक्या लावून घेतल्या. "बाळभाऊ, तुमच्या नातवाने श्वास घ्यायचा की तुमच्या वहिनीच्या पाटीकडे बघत बसायचं?" मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही अजून तशाच आहात." आणि पुण्या-बंगळूरला, अमेरिकेला गेलेल्यांनो, तुम्हीही हसू नका. नवी गाडी घेताना तुम्ही जुनी कुठल्या गावाला विकलीत, ते एकदा आठवून बघा.

गेल्या आठवड्यात अमौसीच्या पलीकडून भंगारवाल्यांचा ट्रक आला. मी त्यांना विचारलं, पाटी तेवढी काढून देता का? त्यातला एक म्हणाला, "नियम है माताजी, प्लेट भी साथ जाएगी." हे माझ्याकडे बघायला लागले, आता ही मराठी सुरू करणार म्हणून. नाही केली. नियम आहे म्हणतो, तर जाऊ दे. एकदा तरी माझ्या हातून एखादा नियम पाळला जावा.

जाण्याआधी मी पाटीला हळदकुंकू लावलं. निघतानाची ती गोष्ट इराला पाठ आहे, कारण धुराचा भपकारा तोंडावर आल्यावर मी डोळे कसे पुसले आणि अख्खी गल्ली कशी फसली, ते मी तिला नाचून दाखवते. ती माझ्या शेजारी, पंप हातात घेऊन उभी होती. गाडी इंजिन बंद ठेवूनच ट्रकवर ओढून घेतली. पहिल्यांदाच ती आमच्या दारातून आवाज न करता गेली. पूर्वी घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी त्या पाटीकडे बोट दाखवायची. आता विचारलं तर म्हणेन, जिथे ही पोरगी न खोकता झोपेल ते. आणि सांगली? तिच्या नाकाखाली माझी घाण परत धाडली नाही, एवढं एकच माहेरचं काम माझ्याकडून धड झालं.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. मी पदराने डोळे टिपत होते. इराने आधी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आजी, गाड़ी तो बंद थी. धुआँ भी नहीं है. फिर आज आँख में क्या गया?"