श्वार्त्सवाल्डमध्ये झोपलेले नाना

माझ्या सासऱ्यांना निसर्गाचा कंटाळा यायचा. अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे वाहत्या पाण्याकडे ते संशयानेच बघत, आणि डोंगर म्हणजे त्यांच्या लेखी रस्ता लांबवणारी अडचण. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून जर्मनीत, कार्ल्सरूहेला आणलं. ऱ्हाईनचा मोठा धबधबा दाखवायला नेलं, तर नाना त्याच्याकडे पाठ करून आइस्क्रीमची रांग न्याहाळत उभे. म्हणाले, "पाणी वरून खाली पडतंय. खालून वर जायला लागलं की हाक मार."

माणसं मात्र त्यांना भारी आवडत. जर्मन येत नव्हतं, पण मोठ्याने आणि सावकाश बोललं की मराठी कुणालाही कळतं, अशी त्यांची खात्री होती. आमच्या खालच्या मजल्यावर बेकर आडनावाच्या एक बाई एकट्या राहायच्या. माझ्या फोडणीचा वास जिन्यात उतरला की त्या दार आपटायच्या. नाना त्यांना रोज जिन्यात गाठून विचारत, "काय बाई, झालं का जेवण?" पहिले काही दिवस त्या नुसत्या बघत राहिल्या, मग नमस्कार म्हणून "गूटन टाग" म्हणू लागल्या. नाना वर येऊन मला सांगत, "झालं म्हणाल्या. आज बटाटे होते."

एकदा बेकरबाईच वर आल्या. श्वार्त्सवाल्डच्या जंगलातून दिवसभराची बससहल होती, कॉफी-केकसकट, आणि अगदी स्वस्तात. त्यांच्या दोन मैत्रिणी ऐनवेळी गळाल्या होत्या. आम्ही येतो का? नाना माझ्याआधी "या, या" म्हणाले. "हो" म्हणण्यापुरतं जर्मन त्यांना आलं होतं.

बसमध्ये सगळे पेन्शनर. गाइड डावीकडे बघा म्हणाली की सगळ्या माना डावीकडे वळत, आणि नाना त्या माना बघत. "अगं, तो तिसऱ्या सीटवरचा बायकोला खिडकी देत नाहीये," त्यांनी मला हळूच सांगितलं. बाहेर देवदारांचे डोंगर, दऱ्या, मधेच एखादं तळं. नानांनी बसच्या काचेवरून एकदा बोट फिरवून काच स्वच्छ असल्याची खात्री करून घेतली, तेवढाच त्यांचा खिडकीशी संबंध आला.

दुपारी एका खेड्यातल्या खानावळीशी बस थांबली. आम्हाला मागच्या हॉलमध्ये बसवलं, दार लावून घेतलं, आणि सुटातला एक तरुण माइक घेऊन उभा राहिला. त्याच्याशेजारी एक पलंग, पलंगावर मेंढीच्या लोकरीचं पांघरूण. ते घेतलं की सांधे बरे होतात, झोप लागते, रक्त नीट वाहतं. सहल स्वस्त का होती ते आता कळलं. तो बोलतच राहिला. केकचा पत्ता नव्हता. न घेणाऱ्यांकडे तो असा बघायचा की म्हातारी माणसं ओशाळून पर्स उघडू लागली. बेकरबाईंनीही सही करायला पेनचं टोपण काढलं. मी त्यांना नको म्हणाले, तर त्या पुटपुटल्या, "एवढा वेळ बोललाय बिचारा."

"काय म्हणतोय हा?" नानांनी विचारलं.

"या घोंगडीने गुडघे बरे होतात म्हणतोय."

"असं? मग बघू या की."

नाना उठले, पलंगापाशी गेले, बूट काढून शेजारी-शेजारी ठेवले, आडवे झाले आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. तो तरुण खूश झाला. टाळ्या पडल्या. मग नाना घोरायला लागले. माइक जवळच असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. तरुण थांबला, खाकरला, शेवटी मला म्हणाला, यांना उठवा.

"नाना, उठता का?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "गुडघा अजून दुखतोय. त्याला म्हणावं, वेळ लागेल."

मी त्याचं जर्मन करून मोठ्याने सांगितलं. आधी एक आजोबा हसले, मग सगळा हॉल. कुणीतरी ओरडून केक मागितला. बेकरबाईंनी पेनाला टोपण लावलं. नाना केक आल्यावर उठले.

पुढच्या वर्षी नाना परत यायचे होते. व्हिसाचं काम चालू असतानाच साताऱ्याला त्यांचं हार्ट बंद पडलं. नवरा एकटाच विमानाने गेला. जिन्यात मी बेकरबाईंना सांगितलं, तर तासाभराने त्या काळा कोट घालून वर आल्या. प्रार्थना किती वाजता आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं तिकडेच होणार, इथे काही नाही. त्या कोट काढून स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलाशी बसल्या. मी आमटी-भात वाढला. त्यांनी सगळा संपवला.

"त्या सहलीहून परत येताना ते वाटभर माझ्याशी बोलत होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकोबद्दल. शब्द कळले नाहीत, पण असं बोलणं कळतं. फार जीव होता त्यांचा तिच्यावर, नाही?"

मी तेव्हा त्यांच्या पुढच्याच सीटवर होते. नाना वाटभर त्यांना आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होते, टाक्यांसकट.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात आणखी थोडी आमटी वाढली.