नागूबाईचं पांढरं लुगडं

चिटगुप्प्याच्या वेशीबाहेर, विहाराच्या पाठीमागच्या खोलीत राघोबा एकटा राहायचा. एकटा म्हणजे अगदीच एकटा. मांजरसुद्धा त्याच्याकडे फार दिवस टिकलं नाही. तुरीची रास झाली की लोक तुराट्या जळणासाठी रचून ठेवत, आणि राघोबा त्यातल्या सरळ तेवढ्या मागून आणी. निरगुडीच्या ओल्या फोकांची दोन कडी वळायची, त्यांच्यामध्ये तुराट्या तिरप्या उभ्या करून बांधायच्या, आणि वरची बैठक जुन्या कपड्यांच्या चिंध्यांना पीळ देऊन बाजेसारखी विणायची. झालं बुटकं स्टूल. हैदराबादेत हमाली करताना कुणाचं तरी पाहून उचललेली ही विद्या. गुडघे धरलेली म्हातारी माणसं त्याला दुवा देत.

कपडा ज्याचा त्यानं आणायचा. पण हातात घेण्याआधी राघोबा विचारणारच, "ह्ये कुणाचं? हायत का ते?" माणूस जितं असेल तरच त्याच्या कपड्याचं स्टूल व्हायचं. मेलेल्याच्या कपड्याची वाकळ शिवावी, अंगावर घ्यावी. त्यावर बूड टेकायचं नाही. यापायी त्यानं चांगली चांगली गिऱ्हाइकं परत लावली होती. हेकट म्हणून नाव झालं, पण त्याची त्याला फिकीर नव्हती.

त्याची बायको नागूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं म्हणून एकच वस्त्र त्यानं ठेवलं होतं. दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं, बारीक निळ्या काठाचं. वैशाखी पौर्णिमेला ते पेटीतून काढायचं आणि मांडीवर घेऊन बसायचं. त्याच्याशी तो बोलायचाही. लोकांना हे ठाऊक नव्हतं ते बरंच, नाहीतर हेकटाच्या जोडीला वेडाही म्हणाले असते.

मैसूर राज्याच्या पाट्या उतरून कर्नाटकाच्या लागल्या त्या सुमाराची गोष्ट. कमलनगरला दिलेली लेक विमल दोन दिवस आली. बाप एकटा, म्हणून तिनं घर झाडून सारवून दिलं आणि पेटीतलं लुगडं उन्हाला टाकलं. त्याच दोरीवर निर्णा गावच्या किशनरावानं दिलेली स्वतःची जुनी धोतरं वाळत होती. पांढऱ्यात पांढरं. लेक दुपारच्या गाडीनं गेली, बापाला सांगायचं राहूनच गेलं. राघोबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. त्यानं दोरीवरचं सगळं ओढलं, फाडलं आणि विणून टाकलं. किशनराव स्टूल घेऊनही गेला.

पौर्णिमेला पेटी उघडली तर आत काही नाही. उरलेल्या चिंध्यांत निळ्या काठाचा तुकडा सापडला, तेव्हा राघोबाला उलगडा झाला. जन्मभर दुसऱ्यांना अडवलं आणि आपलीच नागू लोकांच्या बुडाखाली घातली. त्याला स्वतःची शिसारी आली.

मग त्यानं उरलंसुरलं सगळं कसब लावून एक नवं स्टूल केलं. 'त्याचा बांध ढिला राहिला, हे घ्या, ते द्या,' असं म्हणून बदलून आणायचं. लबाडी खरीच, पण नागूपुढं कसला आलाय खरेपणा? स्टूल खांद्यावर मारलं आणि निर्ण्याची वाट धरली.

किशनराव जुन्या घरंदाज कास्तकाराचा मुलगा. त्याच्या बापाच्या हयातीत राघोबासारख्यांनी अंगणाच्या कडेला, खाली मातीत बसायचं. आज ओसरीवर किशनरावाबरोबर त्याचा चुलता अंकुशराव पान जमवत बसला होता.

"या अण्णा, उन्हात कामून उभारलाव? वर या." किशनरावानं आपल्या हातानं स्टूल पुढं सरकवलं. तेच स्टूल. बैठकीच्या मधोमध निळा काठ.

"मी हितंच बसतो खाली," राघोबा कसाबसा म्हणाला.

किशनरावाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, म्हातारा जुन्या धाकानं बिचकतोय. "आप्पा गेले अण्णा. त्यांच्यासंगं ते बी गेलं. बसा."

"बसू दे की खाली," अंकुशराव चुना मळत म्हणाला. "सवय हाय त्याला."

हेच लुगडं नेसून दीक्षेहून परतताना नागूबाई वाटेत थांबून म्हणाली होती, "आजपासनं कुणाच्या दारात खाली बसायचं न्हाई." खाली बसावं तर तिचा शब्द मोडतो, वर बसावं तर तिच्यावरच बसणं. तो ओसरी चढला. मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि बसला. चहा संपेपर्यंत सगळा भार त्यानं पायांवरच तोलून धरला.

कप ठेवून उठल्यावर त्यानं विषय काढला. "मालक, ह्याचा बांध ढिला हाय. ह्ये नवं ठेवा, ते मी नेतो."

अंकुशराव खुदकन हसला. "न्हे बाबा, न्हे. आता त्याच्यावर आमच्यातलं कोन बसायलंय?"

किशनराव लाल झाला. "बदलायचं न्हाई," तो म्हणाला. "ह्येच ऱ्हाईल ह्या घरात." आणि चुलत्याच्या डोळ्यांत बघत तो त्या स्टुलावर भक्कम ठाण मांडून बसला.

खरं सांगावं, तर भर ओसरीत आपल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला तोंडघशी पाडणं होतं. राघोबानं हात जोडले, नवं स्टूल उचललं आणि निघाला.

वाटभर त्याला कळेना, रडावं की छाती काढून चालावं. किशनरावाच्या ओसरीवर त्याला वर बसवलं होतं, आणि त्याच्यामागून घरधनी त्याच जागेवर बसला होता. हे ऐकून जिला धन्य वाटलं असतं, तिला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं. तो भराभर चालत घरी आला, दार लोटलं, पेटी उघडली, "अगं," म्हणाला, आणि रिकाम्या पेटीपुढं तसाच उभा राहिला.