एक दिवस आधीचं इंजेक्शन

आमच्या घरात पाळण्याआधी पत्रकं आली असावीत. बाबा औषधांच्या गैरवापराविरुद्ध काम करायचे. 'इंजेक्शन कशाला?' हे त्यांचं पत्रक मी सातव्या वर्षापासून घड्या घालून सांगलीच्या बाजारात वाटत आले.

ताईला एकोणतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, तेव्हा मी तिच्याकडे लखनौला होते. दाजी वायुदलात, शहराबाहेर बख्शी का तालाबच्या तळावर. त्या आठवड्यात नेमके बाहेरगावी. सकाळी नऊला तिला गोमती नगरच्या नर्सिंग होममध्ये मीच नेलं.

"बच्चे के फेफड़े पकाने का इंजेक्शन है, अभी लगेगा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पकाने का? आम है क्या?" मी विचारलं. कळांमध्येही ताई हसली.

बाई चिडल्या नाहीत. केसपेपरच्या मागे त्यांनी चित्र काढलं. श्वासनळीच्या फांद्या आधीच फुटलेल्या असतात, त्यांच्या टोकांचे फुगे उशिरा येतात. फुग्यांना आतून एक निसरडा थर लागतो. तो नसला तर दर उच्छ्वासाला ते ओल्या पिशवीसारखे चिकटतात. पोटात बाळ पाण्यातच श्वासाची तालीम करतं, तिथे निभावतं. बाहेर हवा असते. इंजेक्शनने तो थर लवकर तयार होतो, पण त्याला साधारण एक दिवस लागतो.

"दवा कौन सी?"

"स्टेरॉइड."

पत्रकात तो शब्द ठळक काळ्या ठशात होता. मी दुष्परिणाम लेखी मागितले.

"लिखकर दूँगी, पहले लगवा तो लो."

ताई म्हणाली, "तू म्हणशील तसं. तुला कळतं यातलं."

मी थांबायला सांगितलं. बाबांना फोन लावत राहिले. ते सभेत होते.

दुपारी चारला त्यांचा फोन आला. "अगं, ते द्यायचंच असतं! आपलं पत्रक ताप-खोकल्याच्या सुयांबद्दल आहे. सकाळपासून करत काय होतीस?"

वाचत होते, बाबा. तुमचंच.

सव्वाचारला इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुलगी झाली. दर श्वासाला तिची छाती आत ओढली जायची, फासळ्या मोजता यायच्या. मशीन लावलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"सुबह लगता, तब भी पक्का कुछ नहीं कह सकती," बाई मला म्हणाल्या. दया म्हणून म्हणाल्या. ती दया मला अजून पचलेली नाही.

यंदा बाबांनी पत्रकाची नवी आवृत्ती काढली. या इंजेक्शनचा परिच्छेद मला लिहायला सांगितला. प्रश्न विचारावेत, हे मी आजही मानते. पण मला उत्तर मिळालं होतं, चित्रासकट, आणि मी पत्रकावर विसंबले. परिच्छेदात मी लिहिलं, 'अशा वेळी पूर्ण माहिती घेऊन हे इंजेक्शन घ्यावं.'

छापण्याआधी कागद ताईला दाखवला. तिने पेन मागितलं, 'पूर्ण माहिती घेऊन' खोडलं आणि वर लिहिलं, 'लगेच'.

कागद परत देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.